मित्र कुणाला म्हणायचं? 'बर्सर्क'ची चित्रत्रयी आणि कारंज्यापाशी बोललेलं एक वाक्य (रसभंग आहे)

तिसरीघंटा

आधीच सांगतो, पुढे सगळा रसभंग आहे. ज्यांना बघायचंय त्यांनी इथे रुमाल टाकून परत फिरावं.

गेल्या शनिवार-रविवारी 'बर्सर्क : द गोल्डन एज आर्क'चे तिन्ही जपानी अ‍ॅनिमेशनपट लागोपाठ पाहिले. पहिले दोन २०१२चे, तिसरा फेब्रुवारी २०१३चा. पहिल्यांदा पाहिले तेव्हा हॉस्टेलच्या खोलीत एका लॅपटॉपपुढे आम्ही चौघं होतो आणि तिसरा संपल्यावर कुणीच बोललं नव्हतं. एक जण उठून कॉरिडॉरमधल्या कूलरचं पाणी पिऊन आला, एवढंच. तेव्हा वाटलं होतं की त्या शेवटच्या रक्तपातामुळे गप्प झालो. या वेळी एकट्याने पाहिल्यावर कळलं की आपण गप्प होतो ते पहिल्या चित्रपटाच्या शेवटामुळे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मिडलंड आणि चूडर या दोन राज्यांचं शंभर वर्षं युद्ध चाललंय. भाडोत्री सैनिकांची एक टोळी आहे, ससाण्यांची टोळी म्हणा. तिचा म्होरक्या ग्रिफिथ. सामान्य घरातला, दिसायला देखणा, आणि त्याला स्वतःचं राज्य हवंय. गट्स हा एकटा हिंडणारा, अंगापेक्षा मोठी तलवार वागवणारा. ग्रिफिथ त्याला द्वंद्वात हरवतो आणि म्हणतो, आता तू माझा. तीन वर्षांत गट्स त्याचा उजवा हात होतो.

मग ती रात्र येते. राजाचा भाऊ ज्युलियस याने ग्रिफिथवर विषारी बाण सोडायला लावलेला असतो. ग्रिफिथ गट्सला शांतपणे सांगतो, त्याला संपव. गट्स जातो, संपवतो. दारात कुणाची तरी चाहूल लागते, हात आपोआप चालतो, आणि तलवारीच्या टोकाला ज्युलियसचा लहानगा मुलगा असतो. तसाच जखमी, रक्ताने माखलेला गट्स ग्रिफिथला शोधत येतो. ग्रिफिथ प्रॉमरोजच्या हवेलीत कारंज्याच्या पायऱ्यांवर राजकन्या शार्लटशी बोलत उभा आहे. गट्स खाली अंधारात थांबून ऐकतो. ग्रिफिथ सांगतोय की माझी माणसं फार गुणी आहेत, माझ्यासाठी जीव देतात, पण त्यांना मी मित्र म्हणत नाही. मित्र तो, ज्याचं स्वतःचं स्वप्न असतं, जो दुसऱ्याच्या स्वप्नात ओढला जात नाही, आणि आड येणारा मी असलो तरी जो माझ्याशी लढेल. माझ्या लेखी मित्र म्हणजे बरोबरीचा माणूस.

वर उजेड, खाली अंधार, मधे पायऱ्या. ज्याने नुकतंच याच्यासाठी एक पोर मारलंय तो खालून वर बघतोय.

माझं म्हणणं असं की शोकांतिका इथेच घडून जाते. पुढचे दोन चित्रपट हा नुसता हिशेब. गट्स ससाण्यांना सोडून जातो तो रागावून जात नाही. मित्र *व्हायला* जातो. ग्रिफिथने घातलेली अट पुरी करायला जातो. आणि ग्रिफिथला ते कळतच नाही, कारण ते वाक्य त्याने राजकन्येवर छाप पाडायला म्हटलेलं, गट्सच्या कानावर गेलंय हे त्याला ठाऊकच नाही.

हे मला इतकं लागण्याचं कारण खासगी आहे. कॉलेजात आमचा एकांकिकेचा ग्रुप होता. मी डिमरवर बसायचो, म्हणजे प्रकाशयोजना. दिग्दर्शक माझा जिवलग, निदान मला तसं वाटायचं. एका स्पर्धेत पहिले आलो त्या रात्री विंगेत केबल गुंडाळत होतो. पलीकडे तो कुणा ज्युनियरला सांगत होता, "ही माझी टीम आहे रे, मित्र वेगळे." वाईट हेतूने म्हणाला नव्हता. सहा महिन्यांनी मी ग्रुप सोडला, स्वतः लिहायचं म्हणून. तो भांडला नाही. "क्यूची वही ठेवून जा," इतकंच म्हणाला.

तर धाग्याचा प्रश्न: चूक कुणाची? गट्स गेला नसता तर?

---

खारेदाणे

पहिला! रुमाल टाकतोय. बाकी, हॉस्टेलात कूलरचं पाणी पिऊन जिवंत राहिलात हीच मोठी फँटसी.

---

ढालतलवार

झकास धागा. भावनेचं तुम्ही बघा, मी लढायांचं बोलतो.

दुसऱ्या चित्रपटातली डोल्ड्रेची लढाई पाहून मी खुर्चीतून उठलो होतो. समोर अभेद्य किल्ला, आत तीस हजार. ग्रिफिथकडे पाच हजार. आणि हा बाबा सैन्य उभं कुठे करतो, तर नदीकडे पाठ करून! शत्रूला वाटतं आयतीच शिकार, ते किल्ला ओस टाकून बाहेर धावतात, आणि टोळीतली लढवय्यी कास्का तेवढ्यात तिची तुकडी घेऊन किल्ल्यात शिरते. निशाण बदलतं, बाहेरच्या तीस हजारांचा धीर सुटतो.

ही चाल काल्पनिक नाही. इ.स.पू. २०४ मध्ये हान शिन या चिनी सेनापतीने जिंगशिंगच्या लढाईत झाओच्या सैन्याविरुद्ध हेच केलं. नदीला पाठ लावून उभा राहिला, दोन हजार स्वार आधीच डोंगरात दडवलेले, ते रिकाम्या छावणीत शिरले आणि झाओची निशाणं काढून आपली लावली. जपानीत 'नदीला पाठ लावलेला व्यूह' हा आजही रोजच्या वापरातला वाक्प्रचार आहे, आर या पार अशा अर्थाने. आपल्याला ते समजवायला चीनपर्यंत जायला नको. सिंहगडावर तानाजी पडल्यावर मावळे मागे फिरले तेव्हा सूर्याजीने जे केलं ते: परतीचे दोर कापले.

दुसरं. भाडोत्री म्होरक्याने राजकन्येशी लग्न करून राज्य मिळवायचं, हे ऐकायला परीकथा वाटतं. इटलीत फ्रान्चेस्को स्फोर्झाने तेच केलं. भाडोत्री फौजेचा सेनापती. १४४१ साली मिलानच्या ड्यूकची मुलगी बियांका मारिया हिच्याशी लग्न, सासरा वारल्यावर तीनेक वर्षांची धामधूम, आणि १४५० मध्ये स्वतः ड्यूक. म्हणजे ग्रिफिथचं स्वप्न वेडगळ नव्हतं. तो जवळजवळ पोचलाच होता. म्हणून तर गट्स गेल्यावर त्याच रात्री शार्लटच्या महालात शिरण्याचा त्याचा मूर्खपणा जास्त बोचतो. महिनाभर थांबला असता तर सरळ मांडवातच बसला असता.

गट्सच्या जाण्याबद्दल: आपल्याकडे बारगीर आणि शिलेदार असा फरक असायचा. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा घोडा आणि हत्यार स्वतःचं. गट्स आला तो स्वतःची तलवार घेऊन आला आणि गेला तोही तलवार घेऊनच गेला. शिलेदार. त्याची चूक शून्य.

---

खारेदाणे

"सरळ मांडवातच" हाहाहा. ग्रिफिथ अंतरपाटामागे डोळ्यासमोर आला.

---

पिक्सेल

मी मुंबईत अ‍ॅनिमेशनमध्येच काम करतो, त्यामुळे माझी कुरकूर वेगळी. पहिल्या चित्रपटात गर्दीची आणि लढायांची दृश्यं थ्रीडीत करून त्यावर चित्रासारखा लेप दिलाय. घोडे, चिलखतं, भिंतीवर चढणारी माणसं छान बसतात. पण तोच गट्स क्षणात हाताने काढलेला, क्षणात थ्रीडीतला होतो आणि चेहऱ्याचं वजन बदलतं. थ्रीडीतला माणूस थांबला की बाहुली होतो. हाताने काढलेला थांबला तरी श्वास घेतोय असं वाटतं. स्टुडिओ फोर डिग्री सेल्सियसची आधीची कामं पाहिलेल्यांना ते जास्तच टोचलं. (अवांतर: ते नाव कशावरून? पाण्याची घनता चार अंशांना सर्वांत जास्त असते, त्यावरून.) तिसऱ्यात हा सांधा फारसा दिसत नाही.

पण तिसरीघंटा, तुमच्या मुद्द्याला लागणारं एक दृश्य चित्रपटांतून कापलंय आणि मला त्याचाच राग आहे. मूळ मांगात, म्हणजे जपानी चित्रकथेत, डोल्ड्रेच्या लढाईआधी एका रात्री गट्स आणि कास्का टेकाडावर उभे राहून खाली छावणीतल्या शेकोट्या बघतात. गट्स म्हणतो, त्या एकेका शेकोटीत एकेकाचं छोटंसं स्वप्न आहे. विझू नये म्हणून प्रत्येक जण आपली ठिणगी ग्रिफिथच्या मोठ्या आगीत टाकतो. आणि माझं काय, तर माझ्याकडे ठिणगीच नव्हती, मी येता येता नुसता शेकायला थांबलो होतो.

हे दृश्य नसेल तर चित्रपटातल्या गट्सचं जाणं नुसतं एका ऐकलेल्या वाक्यावर उभं राहतं. २०२२ साली याच चित्रपटांना तेरा भागांत कापून, काही नवी दृश्यं घालून 'मेमोरियल एडिशन' आली, त्यात शेकोट्या परत आल्या. तिन्ही चित्रपट पाहिलेल्यांनी तेवढा भाग तरी शोधून बघा.

---

तिसरीघंटा

@पिक्सेल, "नुसता शेकायला थांबलो होतो". आज दिवसभर हेच डोक्यात राहणार. धन्यवाद. किंवा नाही धन्यवाद.

---

सेवानिवृत्त

मंडळी, मी कार्टून बघणाऱ्या पिढीतला नव्हे. चिरंजीव सुट्टीला आले असताना त्यांनी आग्रहाने दाखवला. अर्धा वेळ मी डोळे मिटून होतो हे कबूल करतो. परंतु कारंज्याजवळचा तो संवाद ऐकला आणि ताठ बसलो, कारण हा संवाद मी आधी ऐकलेला होता.

आदिपर्वात द्रोण आपल्या गुरुकुलातल्या सवंगड्याकडे, पांचालांचा राजा झालेल्या द्रुपदाकडे जातात. घरी अश्वत्थामा दुधासाठी रडतो आहे आणि त्याला पिठाचं पाणी दूध म्हणून पाजलं गेलं आहे. द्रोण म्हणतात, राजा, मला ओळखलंस ना, मी तुझा मित्र. द्रुपद हसतो आणि म्हणतो, मैत्री बरोबरीच्यांत असते. राजाचा आणि दरिद्र्याचा कसला स्नेह?

द्रोण काय करतात पहा. भांडत नाहीत. निघून जातात आणि *बरोबरीचे होऊन* परत येतात. कौरव-पांडवांना शिकवून तयार करतात, गुरुदक्षिणा म्हणून द्रुपदाला बांधून आणवतात, त्याचं अर्धं राज्य, गंगेच्या उत्तरेकडचं, ठेवून घेतात आणि अर्धं त्याला परत देतात. वर म्हणतात, आता आपण समान झालो, आता मैत्री करता येईल.

द्रुपद हो म्हणतो. आणि घरी जाऊन यज्ञ मांडतो, द्रोणांना मारणारा मुलगा व्हावा म्हणून. त्या अग्नीतून धृष्टद्युम्न निघाला.

आपल्या कथेतही तसंच नाही का? टोळी सोडून जाताना बर्फातल्या दुसऱ्या द्वंद्वात गट्स ग्रिफिथची तलवार मोडतो. अट पुरी झाली, बरोबरी झाली. आणि ज्याने अट घातली तोच ती सोसू शकला नाही. पुढे यज्ञ आला, आहुती आली. मैत्रीला समानतेची अट घालणाऱ्याला ती समानता नको असते, एवढंच मला कळलं. चूक विचाराल तर द्रुपदाची. (ग्रिफिथची म्हणायचं होतं. वयोमानाने.)

---

ढालतलवार

काका, दंडवत. मी इटलीत भटकत बसलो आणि तुम्ही घरातच सापडवलंत.

---

खारेदाणे

चिरंजीवांनी काकांना हा सिनेमा दाखवला यात मला शौर्य दिसतं. आमच्याकडे कुटुंबासोबत फक्त मांजर-उंदीर.

---

काजळी

सगळं वाचलं. छान लिहिताय सगळे. पण इतके प्रतिसाद झाले आणि कास्काचं नाव दोनदा आलं. एकदा "तुकडी घेऊन शिरते" म्हणून आणि एकदा शेकोट्या बघताना गट्सच्या बाजूला उभी म्हणून.

प्रॉमरोजला पायऱ्यांखाली गट्स एकटा नसतो. कास्का त्याच्या शेजारी असते. ते वाक्य तिनेही ऐकलंय. ती गट्सच्या कितीतरी आधीपासून ग्रिफिथबरोबर आहे. एक सरदार तिच्यावर हात टाकत असताना ग्रिफिथने तिच्यापुढे तलवार टाकली आणि सांगितलं, राखण्यासारखं काही असेल तर उचल. तिने उचलली. त्या दिवसापासून तिचं स्वप्न म्हणजे त्याची तलवार होणं. म्हणजे ग्रिफिथच्या व्याख्येने ती तर मित्र व्हायच्या रांगेतही नाही. तिला काय वाटलं असेल? चित्रपट क्षणभर तिच्याकडे बघतो आणि परत गट्सवर जातो. इतक्या वर्षांच्या चर्चाही तसंच करतात, आणि हा धागाही.

आणि गट्स गेल्यावर, ग्रिफिथ तुरुंगात पडल्यावर, देशभर शिकार होत असलेली ती टोळी वर्षभर जिवंत कुणी ठेवली? तिने. जखमी झाली, तरी ठेवली. शिलेदार "स्वतःची तलवार घेऊन गेला" त्याची चूक शून्य, ठीक आहे. जी राहिली तिच्या हुद्द्याला काय शब्द आहे तुमच्या बखरीत?

आता तिसऱ्या चित्रपटाबद्दल. ग्रिफिथ आपल्या टोळीचा बळी देऊन फेम्टो नावाचा राक्षस झाल्यावर पहिलं काम काय करतो, तर गट्सच्या डोळ्यांदेखत तिच्यावर बलात्कार. का, तर गट्सला दुखवायला. तिच्याशी त्याला घेणंदेणंच नाही. हे कथेतल्या राक्षसाचं वागणं आहे, मान्य. पण चित्रपटाचा कॅमेरा राक्षसाच्या बाजूने का बसतो? ते दृश्य लांबवलंय, चकचकीत केलंय, गट्सच्या वेदनेसाठी तिचं शरीर वापरलंय. दोन पुरुषांच्या भांडणात निरोप लिहायला वापरलेला कागद. १९९७च्या टीव्ही मालिकेने काढलेली चित्रं खूपच साधी होती, पण तिथे मला इतकी शिसारी आली नव्हती.

मूळ मांगात त्या रात्री हरवलेलं तिचं भान परत यायला वाचकांची वीसहून जास्त वर्षं गेली. मैत्री आणि महत्त्वाकांक्षेची शोकांतिका म्हणताय ना? तिची किंमत कुणाच्या खात्यातून गेली तेही लिहा.

---

ढालतलवार

@काजळी, कान पकडले. "जी राहिली तिच्या हुद्द्याला काय शब्द" याला माझ्याकडे उत्तर नाही. डोल्ड्रेचा किल्ला तिने घेतला आणि मी शाबासकी ग्रिफिथच्या व्यूहाला दिली, तेही आत्ता लक्षात आलं. चूडरच्या सरदाराला, अ‍ॅडनला, तीच मारते तिथे.

---

तिसरीघंटा

@काजळी, बरोबर आहे. मी ते दृश्य या वेळी पुढे ढकललं आणि धाग्यातही पुढेच ढकललं. कास्का शेजारी उभी होती हे मी मूळ लेखात लिहिलंच नाही, कारण माझ्या आठवणीत विंगेत मी एकटा होतो. होतो का, आता आठवावं लागेल. आमच्या ग्रुपमध्ये वेशभूषेला एक मुलगी होती, ती सगळ्यात शेवटपर्यंत टिकली.

---

नाचणी

मी सातारकडची. लहानपणी ग्रहण लागलं की आमच्या आळीत ओरडत यायचे, "दे दान, सुटे गिराण!" आजी पायलीतलं धान्य सुपात काढून ठेवायची, जुने कपडे द्यायची. दान दिलं की राहूच्या तोंडून सूर्य सुटतो. म्हणजे लहान मुलांच्या डोक्यात पक्कं, ग्रहणात काहीतरी द्यायचं असतं.

हा सिनेमा मी मैत्रिणीकडे पाहिला. तिसऱ्यात सूर्य काळा झाला, त्या चार राक्षसी आकृत्या उगवल्या आणि ग्रिफिथला म्हणाल्या, दे. मला सुपातलं धान्यच दिसलं. फक्त इथे जुनं-पानं चालत नाही. स्वतःचा जो तुकडा आहे, सगळ्यांत जिवाचा, तोच द्यायचा. शत्रू दिला तर चालत नाही. ज्याचं काही वाटत नाही तो नोकर दिला तरी चालत नाही.

मग मला प्रश्न पडला. ग्रिफिथ कारंज्यापाशी म्हणाला ना, ही माझी माणसं, पण मित्र नव्हेत? मित्र नसतील तर बळी लागू कसा झाला? सगळ्यांच्या अंगावर बळीची खूण उमटली, टोळीतल्या जूडो, पिपिन, कॉर्कससकट. म्हणजे हिशेब ठेवणाऱ्यांच्या वहीत ते सगळे जिवाचेच निघाले. तो राजकन्येशी खोटं बोलत होता. किंवा त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं.

मला नीट मांडता येत नाही, पण तेव्हापासून हेच वाटतं.

---

पिक्सेल

@नाचणी, नीट मांडता येत नाही म्हणता? मी दहा वर्षं हे चित्रपट बघतोय, हे सुचलं नव्हतं.

आणि त्याला पुरावाही आहे. 'अर्पण करतो' म्हणण्याच्या आधी ग्रिफिथ मनात काय म्हणतो आठवा. हजारो सोबती, दहा-दहा हजार शत्रू, त्या सगळ्यांत फक्त तूच मला माझं स्वप्न विसरायला लावलंस. प्रेमाची कबुली आणि फाशीचा हुकूम एकाच श्वासात.

---

सेवानिवृत्त

नाचणीताई, आपल्या आजींना नमस्कार. मी यज्ञापर्यंत गेलो आणि आहुतीपाशी थांबलो. आपण दान कुणाचं लागू पडतं ते सांगितलंत.

---

तिसरीघंटा

नाचणी यांच्या प्रतिसादानंतर तिसरा चित्रपट पुन्हा लावला, आणि या वेळी फक्त एक गोष्ट बघत बसलो. खांदा.

पहिल्या द्वंद्वात ग्रिफिथ गट्सचा हात पिरगाळतो, खांदा निखळतो, गट्स त्याचा होतो. दुसऱ्या द्वंद्वात, बर्फात, गट्सची तलवार ग्रिफिथची पातळ तलवार मोडून खाली येते आणि कुठे थांबते? त्याच्या खांद्यावर. एक बोट खाली आली असती तर हाड गेलं असतं, पण थांबते. ग्रिफिथ गुडघ्यांवर बसतो आणि गट्स मागे न बघता चालू लागतो.

तिसऱ्यात ग्रिफिथची जीभ कापलीय, हातापायांच्या शिरा तोडल्यात, वर्षभराच्या छळानंतर कातडीखाली काही उरलेलं नाही. गाडीत पडल्या पडल्या त्याला ऐकू येतं की कास्का त्याच्यासाठी मागे राहणार आहे, गट्स जाणार आहे. दया. तो कसाबसा गाडी हाकून पळतो, उलटतो, उथळ पाण्यात पडतो, मरायचं म्हणून धडपडतो, तेही जमत नाही. आणि मागून गट्स धावत येतो. ग्रिफिथचं मन ओरडतंय, येऊ नकोस, आत्ता जर तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास तर... वाक्य पुरं होत नाही. गट्स हात ठेवतो. सूर्य झाकला जातो.

पहिल्यांदा खांदा धरला तो मालकीसाठी, दुसऱ्यांदा बरोबरीसाठी, तिसऱ्यांदा गट्सने धरला तो निव्वळ काळजीने, कुणीही मित्र धरेल तसा. आणि तेच ग्रिफिथला सोसलं नाही. मूळ लेखात मी विचारलं होतं की गट्स गेला नसता तर. प्रश्नच चुकला होता माझा. जाण्याने ग्रिफिथ मोडला, पण बळी दिला तो गट्स परत आल्यावर.

---

खारेदाणे

आज विनोद सुचत नाहीये, माफी.

---

ढालतलवार

एक शेवटची माहिती टाकतो, या सगळ्याला जोडून. केंतारो मिउरा यांनी ही मांगा १९८९ साली सुरू केली आणि ६ मे २०२१ रोजी ते गेले, महाधमनी फाटून. वय ५४. कथा अर्धवट. शाळेपासूनचे त्यांचे मित्र कोउजी मोरी, तेही मांगाकार. त्यांनी २०२२ मध्ये सांगितलं की जवळपास तीस वर्षांपूर्वी मिउरांनी त्यांना शेवटापर्यंतची गोष्ट सांगितली होती. आता मिउरांचे शिष्य चित्रं काढतात आणि मोरी गोष्ट सांगतात. त्यांनी अट घातलीय स्वतःला: मिउरा जे बोलले तेवढंच लिहीन, जे आठवत नाही ते भरणार नाही.

दोघं एकाच धंद्यात, म्हणजे एका अर्थी प्रतिस्पर्धी. मिउरांनी सांगितलंय की ससाण्यांच्या टोळीत त्यांच्या शाळेतल्या मित्रमंडळींचा अंश आहे, सगळे मांगाकार व्हायला निघालेले, एकमेकांशी चढाओढ करणारे. मोरींचं स्वतःचं काम सुरू असताना ते मित्राची शेकोटी सांभाळतायत.

---

काजळी

हे माहीत नव्हतं. (आणि कास्काचं पुढे काय करणार हेही आता मोरींच्या आठवणीवर. लक्ष ठेवून आहे.)

---

नाचणी

तिसरीघंटा, तुमच्या त्या दिग्दर्शक मित्राचं काय झालं पुढे? सांगायचं नसेल तर राहू द्या.

---

तिसरीघंटा

@नाचणी, बोलणं नाही. आठ वर्षं झाली. क्यूची वही त्याच्याकडेच असेल किंवा रद्दीत गेली असेल.

त्याचं नवं नाटक आलंय. पुढच्या रविवारच्या दुपारच्या प्रयोगाचं तिकीट काढलंय, बाल्कनीतलं, शेवटून दुसरी रांग. पुढच्याही होत्या, पण लाइट मागूनच नीट दिसतात.